फिजिक्सला क्रम लागतो, बाकीच्यांना जागा

पत्र असं आहे:

"मॅडम, मी बारावी सायन्स झाले आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जाते आहे. फिजिक्समध्ये मेजर करायचं, म्हणजे तोच मुख्य विषय घ्यायचा, आणि पुढे पीएचडी, एवढं पक्कं आहे. पण कॉलेजने पाठवलेली नियमावली वाचून डोकं गरगरलं. चार वर्षांत ३२ कोर्स. त्यांतले फिजिक्स आणि गणिताचे मिळून १६. शिवाय पहिल्या वर्षी लेखनाचा सेमिनार, परकीय भाषेची दोन सेमिस्टरं, मानव्यविद्यांचे (इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे) तीन कोर्स, समाजशास्त्रांचे (अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र वगैरे) तीन, कलेचा एक. मी ठरवलंय की हे सगळं पहिल्या दोन वर्षांत उरकून टाकायचं, म्हणजे शेवटची दोन वर्षं फक्त फिजिक्स. तिकडे इंजिनिअरिंग करणारा माझा मामेभाऊ म्हणतो, उलटं कर, हे सगळं शेवटच्या वर्षावर ढकल. बाबा म्हणतात, एवढे पैसे भरून तुला इतिहास शिकायला पाठवतोय का? मी कोणाचं ऐकू? ता. क. मला ड्रॉइंगचा कोर्स फार खुणावतोय, पण तो घेणं म्हणजे चैन वाटते. – दोन डगरींवर हात"

प्रिय 'दोन डगरींवर हात',

मामेभावाचं ऐकू नकोस. स्वतःचंही ऐकू नकोस. बाबांकडे नंतर येते.

तुझी योजना ऐकायला शहाणपणाची आहे. १६ कोर्स फिजिक्स-गणिताचे, १० सक्तीचे, उरले सहा मोकळे. पहिल्या दोन वर्षांत १६ जागा असतात, त्यांत सक्तीचे १० आरामात बसतात. बेरीज बरोबर आहे. पण या बेरजेत तू सगळे कोर्स एकाच मापाच्या विटा धरल्यास, कुठलीही कुठेही रचावी अशा. इतिहासाच्या तीन कोर्सांपैकी कुठलाही आधी घेतला, कुठलाही नंतर घेतला तरी फारसं बिघडत नाही. फिजिक्सचं तसं नाही. तिथे प्रत्येक कोर्सच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, प्रीरिक्विझिट म्हणून, म्हणजे आधी कुठला कोर्स झालेला हवा ते सांगणारी, आणि ती ओळ म्हणजे दाराला लावलेलं कुलूप.

आपण शेवटाकडून मागे येऊ. वेळापत्रक मांडायची मला माहीत असलेली ही एकच बरी रीत आहे.

पीएचडीचे अर्ज बहुतेक ठिकाणी चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात जातात. अर्ज वाचणारी समिती तुझ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, चार नावं शोधते: वरच्या पातळीचं क्लासिकल मेकॅनिक्स, वरच्या पातळीचं इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, क्वांटम मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. डिसेंबरात चौथ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर नुकतं संपत आलेलं असतं, त्याचे ग्रेड अजून लागलेले नसतात. म्हणजे ही चारही नावं तिसऱ्या वर्षाअखेर तिथे हवीत. फिजिक्सची जीआरई, म्हणजे पीएचडी प्रवेशासाठीची परीक्षा, बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे, काही तर ती बघतही नाहीत. पण द्यायची ठरवलीस तर तीही चौथ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, आणि तिच्यातही हेच चार विषय येतात.

तिसऱ्या वर्षात हे चार बसवायचे तर दुसऱ्या वर्षाअखेर मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हातात हवेत. श्रोडिंगरचं समीकरण हे डिफरन्शियल इक्वेशनच आहे, आणि क्वांटमची अर्धी भाषा लिनिअर अल्जिब्राची आहे. आयगेनव्हॅल्यू हा लिनिअर अल्जिब्रातला शब्द क्वांटमच्या वर्गात पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. गणिताच्या बरोबरीने मॉडर्न फिजिक्सही हवं, ते साधारण तिसऱ्या सेमिस्टरला येतं. त्याआधी प्राथमिक इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, दुसऱ्या सेमिस्टरला. आणि त्याच्याही आधी मेकॅनिक्स.

म्हणजे तुझ्या अगदी पहिल्या सेमिस्टरला. ऑगस्टमध्ये.

तू दोन वर्षं भाषा आणि इतिहास उरकत बसलीस आणि तिसऱ्या वर्षी मेकॅनिक्सला हात घातलास, तर क्वांटम फार तर पदवीच्या उंबरठ्यावर भेटेल, नाहीतर भेटणारच नाही. तिथे एक सेमिस्टर चुकलं की बहुतेक वेळा वर्ष जातं, कारण पायाभूत कोर्स वर्षातून एकदाच असतात.

छोट्या कॉलेजात यापेक्षाही एक वाईट गोष्ट असते आणि ती माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेली नसते. तुझ्या विभागात पाच-सहा प्राध्यापक असतील. एवढ्या माणसांना प्रत्येक वरचा कोर्स दरवर्षी शिकवणं जमत नाही, म्हणून असे कोर्स एक वर्षाआड येतात. मी स्वतः असल्याच एका कॉलेजात शिकले. तिसऱ्या वर्षी वरच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची वेळ आणि कलेच्या इतिहासाच्या एका सेमिनारची वेळ एकच आली. मी म्हटलं, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम काय, पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी ते नव्हतंच. पीएचडीच्या पहिल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांना इलेक्ट्रोमॅग्नेटिझममधलं मल्टिपोल एक्सपान्शन पाठ होतं आणि मी रात्री ग्रंथालयात बसून एकटीने ते शिकत होते. सेमिनार सुंदर होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो दरवर्षी असायचा!

त्यामुळे पोचल्याबरोबर पहिल्या आठवड्यात फिजिक्स विभागात जा आणि एकच प्रश्न विचार: पुढच्या चार वर्षांत वरचा कुठला कोर्स कुठल्या सेमिस्टरला आहे? बहुतेक विभागांकडे असं आवर्तन ठरलेलं असतं, विचारलं की देतात. न विचारता ते तुझ्यापर्यंत येईल असं समजू नकोस. आणखी एक. पदवीचे नियम सहसा ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीच्या नियमावलीप्रमाणे लागू होतात. ती नियमावली उतरवून स्वतःजवळ ठेव. तीन वर्षांनी वेबसाइटवर वेगळंच काही असेल आणि वाद घालायची वेळ आलीच तर कागद हातात लागतो.

मग मामेभावाचं काय चुकलं? तो फिजिक्स आधी म्हणतो ते बरोबर, पण बाकी सगळं शेवटी लोटतो ते आत्मघातकी आहे. चौथ्या वर्षी तुझा थीसिस असेल, अर्ज असतील, क्वांटमचा दुसरा कोर्स असेल. त्यात रोज सकाळी भाषेच्या वर्गात जाऊन क्रियापदं पाठ करायची आणि शिवाय तीन वेगवेगळ्या विषयांची टिपणं वाचायची. शिवाय भाषेचा पहिला कोर्स छोट्या कॉलेजात बहुधा फक्त ऑगस्टला सुरू होतो, तो हुकला तर पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. प्राथमिक कोर्सांत काही ठिकाणी जागाच पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी राखून ठेवतात. मी शिकवत असताना दर मे महिन्यात एखादं तरी लेकरू यायचं, थीसिस झाला, सगळं झालं, एका समाजशास्त्राच्या कोर्सपायी पदवी अडकली. एमआयटीत तर पोहण्याचीही अट आहे: चाचणी द्या, नाहीतर पोहण्याचा वर्ग घ्या. तुझ्या नियमावलीत असलं काही कोपऱ्यात दडलंय का, तेवढं बघून घे.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येते. तू आणि मामेभाऊ दोघांनीही सक्तीच्या कोर्सांना अडगळ मानलंय. वाद फक्त एवढाच, अडगळ आधी काढायची की नंतर. मी म्हणते, ते चार वर्षांत पसरून ठेव. याचं कारण संस्कार-बिंस्कार नाही, साधं आहे. तास.

अमेरिकेत क्रेडिटची सरकारी व्याख्या आहे: आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, साधारण १५ आठवडे. चार क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे आठवड्याला १२ तास, चार कोर्स म्हणजे ४८. हे कागदावर. प्रत्यक्षात कामाची जात वेगळी असते. फिजिक्सचा प्रॉब्लेम सेट, म्हणजे घरी सोडवायच्या गणितांचा संच, दर आठवड्याला येतो, ठरलेल्या दिवशी, दया-माया न दाखवता. एखादं गणित २० मिनिटांत सुटतं, एखादं दोन संध्याकाळी खातं, आणि कुठलं काय करणार ते आधी कळत नाही. भाषेचं काम रोज थोडं थोडं असतं, पण साचू दिलं की संपलंच. इतिहास-तत्त्वज्ञानात आठवडाभर वाचन, मग महिनाभराने एकदम निबंध. लॅब म्हणजे एक अख्खी दुपार आणि वर रिपोर्ट.

चार प्रॉब्लेम सेटचे कोर्स एकाच सेमिस्टरला घेतलेस, आणि तुझ्या योजनेत शेवटची दोन वर्षं तेच आहे, तर बुधवारची रात्र गुरुवारच्या पोटात जाईल आणि गुरुवारची शुक्रवारच्या. मी शिकवलेल्यांत हुशार मुलं इथेच पडली. विषय अवघड होता म्हणून पडली नाहीत, डोक्याचा एकच स्नायू चोवीस तास ताणला म्हणून पडली. दोन प्रॉब्लेम सेटचे, एक वाचनाचा आणि एक हाताने किंवा तोंडाने करायचा, म्हणजे कला, संगीत, भाषा यांतलं काहीतरी. अशी मोट बांधली की गाडं चालतं. वरच्या वर्षांत फिजिक्स कधी कधी तीन कोर्सांवर जाईल, तेव्हा चौथा कोर्स फिजिक्सचा नसावा, आणि शंभर-दोनशे पानं दर आठवड्याला वाचायला लावणारा सेमिनारही नसावा.

तुझ्यासाठी एक कच्चा नकाशा काढला, विभागाच्या आवर्तनावर तो तपासून घे. पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्स, गणित, लेखनाचा सेमिनार, भाषा. दुसऱ्याला इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, लिनिअर अल्जिब्रा, भाषेचं दुसरं सेमिस्टर, मानव्यविद्यांचा पहिला. तिसऱ्याला मॉडर्न फिजिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, एक समाजशास्त्राचा, आणि एका मोकळ्या जागी प्रोग्रामिंग. चौथ्याला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब, फिजिक्ससाठीच्या गणिती पद्धती, दुसरा समाजशास्त्राचा आणि कलेचा. मोजून बघ: सक्तीच्या दहांतले सात पहिल्या दोन वर्षांत झाले आणि फिजिक्सची एकही पायरी चुकली नाही. उरलेले तीन, म्हणजे मानव्यविद्यांचे दोन आणि समाजशास्त्राचा एक, तिसऱ्या-चौथ्या वर्षाला विखरून टाक. तिथे ते उतारा म्हणून लागतात.

प्रोग्रामिंग तुझ्या यादीत सक्तीचं नाही, तरी मी ते घुसवलं. त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस. आजच्या फिजिक्समध्ये दुर्बिणीमागे बसलेला असो की लेझरमागे, दिवसाचा मोठा भाग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेसमोर जातो. उन्हाळ्यात एखाद्या प्राध्यापकाकडे काम मागायला जाशील तेव्हा पहिला प्रश्न हाच येईल.

गणितात थोडी सवलत घे. बारावीला डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन करून आलीस, तेव्हा कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा दे आणि जमलं तर थेट मल्टिव्हेरिएबलला जा. मी वरच्या नकाशात तेच धरलंय. कॅल्क्युलसच्या पहिल्या पायरीवर पाठवलं तर नकाशा एका सेमिस्टरने सरकेल आणि दुसऱ्या वर्षात गणिताची गर्दी होईल. पण फिजिक्सचं प्राथमिक मेकॅनिक्स मात्र टाळू नकोस, मुभा मिळाली तरी. प्रवेश परीक्षांची गणितं झपाझप सोडवणाऱ्या आपल्या मुलांना वाटतं, यात नवीन काय. मी विचारते, लंबकाचा काळ मोजलास तर त्यात चूक किती? ती कुठून आली? दोन मोजमापं जुळतात असं कशाच्या जोरावर म्हणतेस? इथे सहसा शांतता पसरते. पहिल्या सेमिस्टरच्या लॅबमध्ये हे शिकवतात. शिवाय विभागातल्या एका प्राध्यापकाने तुला ऑगस्टपासून ओळखणं ही सुद्धा मिळकतच आहे. चौथ्या वर्षी तीन शिफारसपत्रं लागतात.

भाषेबाबत एक विचारून घे. ज्यांचं शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झालंय त्यांना अनेक कॉलेजं परकीय भाषेची अट माफ करतात. तू मराठी माध्यमात शिकली असशील तर रजिस्ट्रारला पत्र टाक. शाळेचा दाखला लागेल. माफी मिळाली तर दोन जागा मोकळ्या होतील. मी तुझ्या जागी असते तर तरीही एक नवी भाषा घेतली असती, पण ते मी माझ्या हौसेने सांगते, फिजिक्सची गरज म्हणून नव्हे.

आता 'एका दगडात दोन पक्षी'चा मोह. विज्ञानाचा इतिहास, विज्ञानाचं तत्त्वज्ञान, संगीताचं ध्वनिशास्त्र असे कोर्स दोन-दोन अटींत मोजले जातात, आणि फिजिक्सची मुलं माशीसारखी त्यांच्याभोवती घोंघावतात. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एमआयटीत मानव्यविद्यांची अट पुरी करायला यादी चाळली, तर त्यांना तिथे खगोलशास्त्र सापडलं! त्यांनी ते घेतलं आणि सुटले. पुढे ही गंमत ते स्वतःच सांगत. एक कोर्स असा घे, माझी हरकत नाही. पण सहाच्या सहा तसे घेतलेस तर चार वर्षं तू एकाच खोलीच्या वेगवेगळ्या खिडक्यांतून बघशील. जिथे सुरुवातीला काहीच कळणार नाही असा एक तरी घे. अर्थशास्त्राचा प्राथमिक कोर्स चांगला, कारण तिथे तुझ्यासारखाच मॉडेल बांधणारा माणूस भेटतो, आणि त्याचं मॉडेल माणसांनी ऐकलं नाही की काय होतं ते दिसतं. मानववंशशास्त्रही चांगलं. निवडताना विषयापेक्षा शिकवणारा बघ. वरच्या वर्गातल्या मुलांना विचार.

लेखनाच्या सेमिनारला मात्र पुरी गंभीर हो. बहुतेक फिजिक्सवाले तो अंग झटकून करतात आणि चौथ्या वर्षी थीसिसशी झगडतात. माझ्या पहिल्या निबंधावर प्राध्यापिकेने समासात दोन शब्द लिहिले होते, "मुद्दा काय?" सहा पानं होती आणि खरंच मुद्दा नव्हता. पुढे मी शेकडो लॅब रिपोर्ट तपासले. नव्वद टक्क्यांवर मलाही तेच लिहावंसं वाटायचं. फिजिक्समध्ये निधीसाठीचे प्रस्ताव, शोधनिबंध, शिफारशी, सगळं लिखाणच आहे, आणि समीकरण बरोबर असूनही कशासाठी मांडलं ते वाचणाऱ्याला कळलं नाही तर कागद बाजूला पडतो.

पास-फेलची, म्हणजे ग्रेडऐवजी नुसतं पास किंवा फेल लागण्याची, सोय बहुतेक कॉलेजांत असते, मोजक्या कोर्सांसाठी. मेजरच्या कोर्सांना ती सहसा चालत नाही, आणि काही ठिकाणी सक्तीच्या अटींनाही नाही. चालत असेल तर ज्या विषयाची धास्ती वाटते तिथे वापर, म्हणजे ग्रेडच्या भीतीने सोपा कोर्स शोधत बसणार नाहीस.

दोन गोष्टी तुझ्या व्हिसाच्या. एफ-वन व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटं चालू ठेवावी लागतात. चार-चार क्रेडिटांचे चार कोर्स असतील तर एक सोडता येतो, दुसरा नाही. म्हणून सेमिस्टरच्या मध्यात कुठलाही कोर्स टाकून द्यायच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात पाऊल टाक, मग ॲडव्हायजरकडे. आणि उन्हाळा: नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांवर चालणारे आरईयू नावाचे प्रसिद्ध उन्हाळी संशोधन कार्यक्रम तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच खुले असतात. तुझे वर्गमित्र जानेवारीत त्यांचे अर्ज भरतील तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. छोट्या कॉलेजांकडे उन्हाळी संशोधनासाठी बऱ्याचदा स्वतःचे पैसे असतात, आणि तिथे पीएचडीचे विद्यार्थी नसल्यामुळे लॅबमधलं खरं काम पदवीच्याच मुलांच्या वाट्याला येतं. मोठ्या विद्यापीठात हे भाग्य सहज मिळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास एखाद्या प्राध्यापकाचं दार वाजव, मार्चपर्यंत थांबू नकोस.

पदवी बीए असेल, बीएस नाही, म्हणून कोणी घाबरवेल. अशा कॉलेजांत फिजिक्सची पदवी बहुधा बीएच असते आणि पीएचडीच्या समित्यांना ते ठाऊक असतं. जॉन मॅथर १९६८ मध्ये स्वार्थमोर या लहानशा लिबरल आर्ट्स कॉलेजातून फिजिक्सची बीए घेऊन बाहेर पडले, आणि २००६ मध्ये विश्वाच्या पार्श्वप्रारणावरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. स्वार्थमोरमध्ये मानव्यविद्या, समाजशास्त्रं आणि विज्ञानं अशा तीन गटांत प्रत्येकी तीन कोर्सांची अट आहे. तुझ्या नियमावलीशी ओळख पटते ना?

आता बाबा. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असं टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने ऐकायची कानाला सवय झालेली असते. 'लिबरल आर्ट्स' म्हटलं की बाबांना ऐकू येतं, 'आर्ट्सला गेली.' त्यांना सांग, यातल्या 'आर्ट्स'चा कला शाखेशी संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात सात लिबरल आर्ट्स होत्या: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. सातांतल्या तीन तर उघडच आपल्या बाजूच्या आहेत, आणि संगीतही तेव्हा तारेच्या लांबीचं आणि स्वरांच्या गुणोत्तरांचं गणित म्हणूनच शिकवलं जायचं. तुझ्या कॉलेजात फिजिक्स हीसुद्धा एक लिबरल आर्टच आहे.

आणि त्यांना मिलिकन यांची गोष्ट सांग. रॉबर्ट मिलिकन ओबर्लिन कॉलेजात ग्रीक शिकत होते. त्यांच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी त्यांना खालच्या वर्गांना प्राथमिक फिजिक्स शिकवायला सांगितलं. मिलिकन म्हणाले, मला फिजिक्स येत नाही. प्राध्यापकांचं म्हणणं असं की ज्याला माझं ग्रीक जमतं त्याला फिजिक्स शिकवता येईल. मिलिकन यांनी पुस्तक उघडलं. पुढे तेलाच्या थेंबांवर इलेक्ट्रॉनचा विद्युतभार त्यांनी मोजला आणि १९२३ चं नोबेल घेतलं. ग्रीक शिकलं की नोबेल मिळतं असा अर्थ बाबांनी काढू नये, पण इतिहासाच्या तीन कोर्सांनी फिजिक्स बुडत नाही एवढं तरी त्यांना पटावं. आणि फीचं म्हणशील तर ती सेमिस्टरची भरायची आहे, विषयावर नाही. बाबा इतिहासाचे वेगळे पैसे भरत नाहीयेत.

राहिला ड्रॉइंगचा कोर्स. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सक्तीच्या यादीत तूच लिहिलंयस, "कलेचा एक". ड्रॉइंग त्यात मोजलं जातं का ते बघ, बहुधा जातं. म्हणजे ज्याला तू चैन म्हणतेस ते तुला घ्यायचंच आहे. नकाशात मी त्यासाठी चौथ्या सेमिस्टरला जागा ठेवली आहे. अडचण फक्त एक येऊ शकते: स्टुडिओचे वर्ग दुपारी लांबलचक असतात आणि इलेक्ट्रॉनिक्सची लॅबही दुपारीच असते. दोन्ही एकाच दुपारी आले तर लॅब ठेव, आणि ड्रॉइंगची चौथ्या वर्षाच्या ऑगस्टातल्या एखाद्या मोकळ्या जागेशी अदलाबदल कर. अर्ज भरायच्या त्या महिन्यांत आठवड्यातून दोन दुपारी कोळसा हातात धरून एखाद्या खुर्चीचे पाय नीट काढत बसायला तुला बरं वाटेल.